विषय: छताच्या नूतनीकरणात मधली पन्हळ इन्सुलेशनविना बसवल्याबद्दल तक्रार

दि. 10 फेब्रुवारी 2025

प्रति,
मा. संचालक,
छत नूतनीकरण विभाग

महोदय,

इंग्लंडमधल्या स्लाव येथील आमच्या गोदामाच्या छताचं काम आपल्या कंपनीने गेल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये केलं. पहिल्या भेटीपासून आपलं सगळं बोलणं मराठीत झालं, म्हणून हे पत्रही मराठीत लिहिते आहे. इंग्रजी प्रत ईमेलने वेगळी पाठवली आहे.

दोन छपरांच्या मधली 30 मीटर लांबीची पन्हळ आपण साध्या, एकपदरी पत्र्याची बसवली आहे. आपल्याच कोटेशनमध्ये ती "इन्सुलेशनसह, आतून अस्तर असलेली" अशी लिहिलेली आहे आणि तिचे पैसे मी भरले आहेत. ही पन्हळ काढून कोटेशनप्रमाणे नवी बसवून द्यावी, ही माझी मागणी आहे.

नोव्हेंबरच्या अखेरीस पन्हळीखालच्या रांगेत पहिल्यांदा पाणी ठिबकलं. तिथे आमचे पोहे आणि पापड असतात. वरच्या खोक्यांचा पुठ्ठा भिजून मऊ पडला होता आणि पापडांची पाकिटं आतून दमट झाली होती. मी फोन केला, आपली माणसं आली, सांधा गळतोय म्हणाली आणि सीलंट भरून गेली. जानेवारीच्या सुरुवातीला पुन्हा तेच झालं. पुन्हा सीलंट.

त्यानंतरच्या आठवड्यात तीन दिवस पाऊस नव्हता. रात्री कडक गोठण, सकाळी लख्ख ऊन. त्या सकाळी साडेसातला मी गोदाम उघडलं तर पन्हळीच्या पोटाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थेंबच थेंब लटकत होते. सांध्यांजवळ जेवढे, तेवढेच मधल्या सलग पत्र्यावर. वर पन्हळीत पाणी नव्हतं, बर्फाचा पातळ पापुद्रा होता. मग गळणार काय? ते पाणी गोदामातल्या हवेचंच होतं. आत 20 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असेल, तर 12 अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. बाहेरच्या गोठणीने थंडगार झालेला उघडा पत्रा त्याहून कितीतरी खाली जातो. यात सीलंटचा काहीही उपयोग नाही. हे आपल्या अनुभवी माणसांना पहिल्याच भेटीत कळायला हवं होतं.

बांधकाम नियमांप्रमाणे झालं का ते तपासणाऱ्या बिल्डिंग कंट्रोलचे निरीक्षक आले तेव्हा त्यांनी पन्हळीच्या टोकाची झाकणपट्टी उघडायला लावली. मी शेजारीच उभी होते. पत्र्याची एकच कड दिसली. ना इन्सुलेशनची लोकर, ना फोम, ना आतलं अस्तर. त्यांनी फोटो काढला आणि कम्प्लीशन सर्टिफिकेट, म्हणजे काम नियमांप्रमाणे पूर्ण झाल्याचा दाखला, थांबवलं.

आपले साइट सुपरवायझर मला म्हणाले, "ताई, पन्हळ म्हणजे पाण्याची वाट, तिचा हीटिंगशी काय संबंध?" घराच्या वळचणीला बाहेर लटकणाऱ्या पन्हळीबद्दल ते बोलत असतील तर बरोबर आहे. पण दोन छपरांच्या मधल्या पन्हळीच्या खाली थेट गोदाम असतं, म्हणजे तेवढ्या पट्ट्यात तीच आमचं छत. इंग्लंडच्या बिल्डिंग रेग्युलेशन्समधला पार्ट एल हा ऊर्जा वाचवण्याबद्दलचा भाग सांगतो की छताचा निम्म्याहून जास्त भाग नव्याने करत असाल तर ते छत उष्णता राखण्याच्या ठरलेल्या पातळीवर आणलं पाहिजे. आपण तर ॲस्बेस्टॉस सिमेंटचे जुने पत्रे उतरवून सगळंच छत कंपोझिट पॅनेलचं (दोन पत्र्यांमध्ये इन्सुलेशन असलेलं) केलं.

मी आकडेमोड करून पाहिली, आपणही करून पाहा. छत 600 चौरस मीटर. कोटेशनमध्ये पॅनेलचं यू-मूल्य, म्हणजे दर अंशाच्या फरकामागे एका चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जाते ते, 0.18 दिलं आहे. म्हणजे आतबाहेरच्या तापमानात दर अंशाच्या फरकामागे सगळ्या छतातून 108 वॉट उष्णता जाते. पन्हळीचा तळ आणि दोन्ही बाजू उलगडल्या तर रुंदी एक मीटर, म्हणजे 30 चौरस मीटर. नुसत्या पत्र्याचं यू-मूल्य 7 च्या आसपास असतं, म्हणून तिच्यातून जातात 210 वॉट. छताच्या विसाव्या हिश्शाइतका तुकडा, आणि त्यातून उरलेल्या छताच्या जवळजवळ दुप्पट ऊब बाहेर! एवढे पैसे ओतून घातलेल्या पॅनेलचं मग मी काय करू?

गेल्या आठवड्यात आपण दोन उपाय सुचवलेत. मला दोन्ही मान्य नाहीत. पन्हळीला खालून दव शोषणारा रंग दिला तर तो थोडं पाणी धरून ठेवेल, पण उष्णता अडवणार नाही. दुसरा उपाय म्हणजे पन्हळीच्या आतच 60 मिलिमीटरचे इन्सुलेशनचे बोर्ड टाकून वर पाणी अडवणारं मेंब्रेन अंथरायचं. पन्हळीची खोली 150 मिलिमीटर आहे, मग पाण्याला उरणार 90. बाहेरची पन्हळ भरून वाहिली तर पाणी अंगणात पडतं, ही वाहिली तर माझ्या मालावर पडेल. छताच्या पाण्याच्या निचऱ्याचं मानक असलेल्या बीएस ईएन 12056 च्या तिसऱ्या भागाप्रमाणे पाणी वाहून नेण्याचा हिशेब करून दिल्याशिवाय या पन्हळीची खोली कमी करू देणार नाही. इन्सुलेशन पत्र्याच्या दोन थरांमध्ये हवं, सांध्यांच्या जागी सलग हवं आणि कडेला पॅनेलच्या इन्सुलेशनला भिडलेलं हवं. मधे फट राहिली तर दव त्या फटीत धरेल.

सर्टिफिकेट नाही म्हणून गोदामाचा मागचा अर्धा भाग रिकामा पडून आहे. हे सगळं काम काढलं तेच तो भाड्याने देण्यासाठी. इमारतीच्या ऊर्जा-कार्यक्षमतेच्या ए ते जी श्रेणींमध्ये आमची जुनी एनर्जी श्रेणी एफ होती, आणि ई पेक्षा खालच्या श्रेणीची व्यावसायिक जागा नव्या कराराने भाड्याने देण्यावर 2018 पासून बंधन आहे.

सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने द्यावी, असं 1982 च्या सप्लाय ऑफ गुड्स अँड सर्व्हिसेस ॲक्टमध्ये आहे. त्याला धरून नवी पन्हळ विनामूल्य बसवावी, भिजलेल्या मालाची भरपाई द्यावी (यादी आणि फोटो सोबत जोडले आहेत) आणि निरीक्षकांची फेरतपासणी आपल्या खर्चाने करून घ्यावी. करारातली राखून ठेवलेली 5 टक्के रक्कम सर्टिफिकेट हाती येईपर्यंत मी देणार नाही.

कामाची तारीख आणि नव्या पन्हळीचं छेदचित्र 14 दिवसांत लेखी कळवावं. चित्र मी आधी निरीक्षकांना दाखवेन. पन्हळ उघडाल तेव्हा वर ताडपत्रीची सोय आपण करायची. खालच्या दोन रांगा रिकाम्या करून देण्याचं काम माझं, त्यासाठी मला दोन दिवस आधी सांगा.

आपली,
गोदामाची मालक