लांब इंग्रजी शब्द दोनदा फोड

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

लांबलचक इंग्रजी शब्द एकेक अक्षर घोकून पाठ करू नकोस. शब्द दोनदा फोडायचा, एकदा कानाने आणि एकदा अर्थाने. दोन्ही वेळा तुकडे एकाच जागी पडत नाहीत, आणि घोटाळा होतो तो तिथेच.

आधी कानाने. जितके स्वर ऐकू येतात तितके तुकडे, म्हणजे सिलॅबल. रि-स्पॉन्-सि-बि-लि-टी: सहा. स्पेलिंगमधले स्वर मोजायचे नाहीत. 'मेक'च्या शेवटी ई लिहितात, पण ती मुकी, म्हणून तुकडा एकच.

मग जोर. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्याच वजनाने म्हणतो. इंग्रजीत एका तुकड्यावर भार पडतो आणि शेजारचे दबतात, त्यांचा स्वर पुसट 'अ'सारखा होतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर. 'फोटोग्राफर' झालं की तो पुढे सरकतो: फ-टॉ-ग्र-फर. पहिला 'फो' तिथे 'फ' होऊन जातो बघ! 'डेव्हलपमेंट'चा 'डे' आपण ठासून म्हणतो, पण तिथे भार 'व्हे'वर आहे: डि-व्हे-लप्-मन्ट. शेवटी 'इक', 'शन' किंवा 'इटी' असेल, तर जोर बहुधा लगेच आधीच्या तुकड्यावर. म्हणून 'इलेक्ट्रिक'मध्ये 'लेक', तर 'इलेक्ट्रिसिटी'मध्ये 'ट्रि'. 'ॲरेबिक' मात्र अपवाद, तिथे पहिल्यावरच. शंका आली तर ऑक्सफर्ड डिक्शनरीत उच्चार पाहा; वरची छोटी उभी रेघ जोराच्या तुकड्याच्या आधी असते, नंतर नाही.

स्पेलिंगसाठी मात्र कान कामाचा नाही. तिथे उपसर्ग, मूळ शब्द आणि प्रत्यय वेगळे कर. मिस अधिक स्पेल, म्हणून 'मिसस्पेल'मध्ये एस दोन. डिस अधिक अपिअर, म्हणून एस एक आणि पी दोन. 'हेलिकॉप्टर' मला फार आवडतो. कानाला तो हे-लि-कॉप्-टर, पण मूळ ग्रीक जोड 'हेलिको' आणि 'प्टेर' अशी, मळसूत्र आणि पंख. 'टेरोडॅक्टिल' म्हणजे डायनासोरच्या काळातला एक उडणारा प्राणी; त्या शब्दाच्या सुरुवातीला मुका पी का येतो, ते यावरून कळेल. तिथेही तोच पंख आहे.

आता 'रिस्पॉन्सिबल'ला 'इटी' लाव. बीनंतरचे एल-ई जातात आणि आय-एल येतात. 'पॉसिबल', 'व्हिजिबल', 'फ्लेक्सिबल' यांचंही तसंच करून वहीत लिही आणि मोठ्याने म्हण. तिन्हींत जोर 'बि'वर यायला हवा.

तुझी,
आई