चि. मयुरीस, ट्रॅक्टर हाती घेण्याआधी

चि. मयुरी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, ड्रायव्हर लावू नका, मी सुट्टी टाकून येते, मीच चालवते." तेव्हा मी नुसतं हो-हो केलं, कारण तुझी आई बाजूलाच उभी होती आणि तिच्या कपाळावरच्या आठ्या मला दिसत होत्या. आज ती मोर्शीला लग्नाला गेली आहे, तेव्हा सविस्तर लिहितो. फोनवरचं बोलणं विसरायला होतं. कागद टूलबॉक्समध्ये ठेवता येतो.

ऑपरेशनची तारीख पाडव्यानंतरची मिळाली आहे. डावा गुडघा, म्हणजे नेमका क्लचचा पाय. तेव्हा चैत्रापासून मिरगापर्यंतचं काम तुझ्याकडे. मोठी नांगरटी आपण नेहमीप्रमाणे भाड्याच्या ट्रॅक्टरनं करून घेऊ, त्याची काळजी करू नको. आपल्या छोट्या ट्रॅक्टरकडे राहतं ते किरकोळ, पण रोजचं: संत्र्याच्या ओळींत रोटर (रोटाव्हेटर) मारणं, कोठ्यातलं शेण ब्लेडनं ओढून उकिरड्यावर नेणं, उकिरड्यातलं शेणखत ट्रॉलीनं वावरात टाकणं, फवारणीची टाकी फिरवणं, कुटार आणणं, पावसाआधी पांदणीत दोन-चार ट्रॉल्या मुरूम. अठरा एचपीचं मशीन या सगळ्याला पुरून उरतं. चालवता तुला येतंच. मला सांगायचं आहे ते सुरू करण्याआधीचं, आणि त्याच्या मागे उभं राहण्याचं.

लहान ट्रॅक्टर दिसायला गरीब असतो. पोरंटोरं त्याला खेळणं समजतात, मोठी माणसंही मडगार्डवर बसून विडी ओढतात. पण पीटीओचा शाफ्ट, म्हणजे मागचं अवजार फिरवणारा दांडा, आपल्या छोट्याचाही मिनिटाला ५४० फेरे घेतो, तेवढेच पन्नास एचपीवाल्याचा घेतो. ५४० म्हणजे सेकंदाला ९. आता तू हिशेबातली आहेस, तेव्हा हिशेब कर. शाफ्ट मनगटापेक्षा थोडा जाड, एका फेऱ्यात वीतभर कापड गुंडाळतो. अडीच मीटरची ओढणी दीड सेकंदात संपते, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला मान असते. ओढून सोडवायला वेळ नसतो, ओरडायलाही नसतो. म्हणून ओढणी घरी. केसांचा अंबाडा घालून वरून रुमाल घट्ट बांध. सैल बाह्यांचे कुर्ते नकोत, पायात बूट हवेत. शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर आहे, त्याच्या साखळ्या बांधलेल्या ठेव. ग्रीस मारताना अडचण होते म्हणून लोक ते कव्हर काढून कोठ्याच्या माळ्यावर फेकतात; आपलं शाबूत आहे, शाबूतच राहू दे. आणि चालत्या शाफ्टवरून पाय टाकून पलीकडे जायचं नाही, फेरा मारून जायचं. देवरावकाकांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यालाही हाच नियम आहे. ते ऐकणार नाहीत. तू मालकीण म्हणून सांग, माझं ते हसण्यावारी नेतात.

रोटर मारण्याआधी ठिबकच्या नळ्या उचलून झाडाच्या बुंध्याकडे सरकवाव्या लागतात. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच ते अर्धवट होतं. एखादी नळी गवतात राहते, ब्लेडमध्ये सापडते, पुढच्या दोन झाडांची ड्रिपरसकट ओढली जाते आणि रोटरच्या रोळावर काळ्या वेटोळ्यांचा गठ्ठा बसतो. आवाज लगेच जड होतो, तो ओळखायला शीक. मग पीटीओ बंद, रोटर वर, इंजिन बंद, चावी खिशात, खाली बाभळीचे दोन ठोकळे, रोटर त्या ठोकळ्यांवर टेकव. या क्रमात बदल नको. वर उचललेला रोटर नुसत्या तेलाच्या दाबावर उभा असतो. कुणाचा हात लिव्हरला लागला की दीड-दोन क्विंटलचं लोखंड खाली येतं. ठोकळे मी कोठ्याच्या दाराशी ठेवले आहेत, ते सरपणात जाऊ देऊ नको. नळी कोयत्यानं न कापता आधी उलटी फिरवून काढून बघ, बहुतेक वेळा अखंड निघते.

रोटर तीन-चार बोटांपेक्षा खोल लावायचा नाही आणि झाडाच्या घेरात न्यायचा नाही. संत्र्याच्या अन्नपाणी ओढणाऱ्या बारीक मुळ्या वरच्या फूटभर मातीतच असतात. त्या तुटल्या की आंबिया बहाराची फळं गळतात, आणि जखमेतून फायटोप्थोरा बुरशी शिरली तर पुढच्या वर्षी बुंध्यावर डिंक दिसतो. शेजारच्या बागेत वावर कसं बोर्डिंगच्या अंगणासारखं स्वच्छ दिसतं, हे तुला आई दाखवेल. दाखवू दे. घेरातलं गवत विळ्यानं काढू, मजूर सांगून ठेवले आहेत.

आता सकाळचं. ट्रॅक्टर सपाट जागी उभा असतो तेव्हाच, सुरू करण्याआधी, तेलाची पट्टी काढ, पुसून परत घाल, मग बघ. दोन खुणांच्या मध्ये तेल हवं. कमी असलं तर १५डब्ल्यू-४० टाक, वरच्या खुणेच्या वर मात्र नको. रेडिएटरचं पाणी सकाळी थंड असताना बघायचं. गरम असताना झाकण उघडायचं नाही, कुणी कितीही घाईत असलं तरी. त्यात विहिरीचं पाणी घालू नको. आपल्याकडचं पाणी जड, आत क्षार बसतो. कूलंट आणि बॅटरीचं पाणी मिसळून कॅन भरून ठेवला आहे.

एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि माती पिठासारखी उडते. अशा दिवसांत इंजिनचा जीव दोन जागी अडतो. पहिली जागा एअर फिल्टर. त्याच्या डब्याखाली रबरी चोच आहे, ती रोज दाब, मूठभर धूळ पडेल. धूर काळा येऊ लागला आणि चढावर दम लागला तर बाहेरचं एलिमेंट काढ, तळहातावर हळू आपट. मडगार्डच्या कडेवर आपटलंस तर घडी चेपते आणि धूळ सरळ आत जाते. हवा मारायची तर आतून बाहेर, आणि कमी दाबानं. आतलं छोटं एलिमेंट झाडायचं नसतं, ते खराब झालं की बदलायचंच.

दुसरी जागा रेडिएटरपुढची जाळी. बागेत गाजरगवत फुलावर आलेलं असतं, त्या पांढऱ्या फुलांचा चुरा आणि कुसळं जाळीवर असा थर धरतात की वरून जाळी धुळीनं मळल्यासारखी दिसते, आणि बोट फिरवलं की लोकरीसारखा पापुद्रा निघतो. मी मधल्या चहाला उतरलो की तो काढतो. तू इंजिन बंद करून काढ. इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडं लक्ष ठेव. तो वर सरकला तर रोटर उचल, सावलीत उभा कर आणि इंजिन मंद चालू ठेवून निवू दे. एकदम बंद केलंस तर पाणी फिरायचं थांबतं आणि आतली उष्णता आतच राहते. तसंही नऊ-साडेनवानंतर वावरात राहू नको. पहाटे साडेपाचला निघालीस तर एक तुकडा होतो, दुसरा संध्याकाळी.

डिझेल संध्याकाळी भरून ठेव. रिकाम्या टाकीत रात्री दव धरतं, ते पाणी खाली बसतं. फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी आठवड्यातून सोडत जा. आणि डिझेल संपेपर्यंत चालवू नको, एअर धरते, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा अडकते. धरलीच तर मेकॅनिकला फोन करून अर्धा दिवस वाट बघायची गरज नाही: फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल कर, हातपंप मार, आधी फेस येईल, फेस संपून नुसतं डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळ. गावातली पोरं नुसता स्टार्टर मारत बसतात आणि बॅटरी उतरवून ठेवतात.

ग्रीस रोज. पुढच्या चाकांचे किंगपिन, शाफ्टचे दोन्ही क्रॉस, लिफ्टचे निपल. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मार. निपल आधी चिंध्यानं पूस, नाहीतर ग्रीसबरोबर मातीही आत जाते. चाकांचे नट, टायरची हवा, फॅनबेल्ट, बॅटरीची टोकं हे दर सोमवारी बघितलंस तरी पुरे. बॅटरी काढायची झाली तर आधी निगेटिव्ह सोड, लावताना ते शेवटी लाव. क्लचवर पाय टेकवून चालवायची सवय पुण्याच्या गर्दीत लागली असेल, ती इथे नको. प्लेट जळते आणि ट्रॅक्टर मधोमध उघडावा लागतो.

आता धुरा, म्हणजे वावराचा बांध. आपल्या खालच्या वावरात जाताना नाल्याकाठचा धुरा ओलांडावा लागतो. छोट्याची दोन चाकांमधली रुंदी कमी, म्हणून तो संत्र्याच्या ओळीत शिरतो, आणि म्हणूनच तो कलंडतोही लवकर. धुरा तिरपा कधी चढू नको. काटकोनात घे, पहिल्या गिअरमध्ये, अवजार जमिनीपासून थोडंसंच वर. नाल्याच्या कडेपासून लांब राहा. दरड वरून पक्की दिसते आणि खालून पोकळ असते.

वळीव पडला तर काळ्या मातीत दोन दिवस जाऊच नको, वाफसा येऊ दे. तरी फसलाच, तर आलीस त्याच चाकोरीतून मागे घे. चाकाला लाकूड बांधून काढायचा सल्ला कुणीतरी देईलच. तो ऐकू नको. चाक अडलं आणि इंजिन जोर लावत राहिलं की चाकाऐवजी ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरतो, पुढची चाकं हवेत जातात आणि चालवणारा खाली येतो. हाच धोका ओढकाम करताना. कापलेलं बाभळीचं खोड असो की कुणाची फसलेली गाडी, साखळी खालच्या हुकलाच लाव, टॉपलिंकला किंवा वरच्या कुठल्याही जागी नाही.

ट्रॉली जोडून रस्त्यावर निघताना दोन्ही ब्रेक पेडलांना जोडणारी पट्टी टाकायची. वावरात वळायला ती सुटी असते. रस्त्यावर वेगात एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर गरकन त्या अंगाला वळतो. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाक आणि उतारावर क्लच दाबू नको. ट्रॉलीमागे रेडियम आहे, त्यावरची शेणखताची राड पुसून घे. आणि मडगार्डवर कुणी नाही. देवरावकाकांचा नातू रोज हट्ट करेल. त्याला बंद ट्रॅक्टरवर बसव, हॉर्न वाजवू दे.

एक गोष्ट आईसमोर बोललो आहे, तुझ्यासमोर अजून नाही. रोटर जुना झाला आहे, गिअरबॉक्सच्या सीलमधून तेल झिरपतं. नवीन घ्यायचा तर महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या पोर्टलवर, अर्ज करता येतो. आपली नऊ एकर, मी अल्पभूधारकात बसत नाही, म्हणून माझ्या नावानं अनुदान ४० टक्के. महिला शेतकऱ्याला ५०. पण त्याला जमीन अर्जदाराच्या नावावर लागते. बागेची दोन एकर तुझ्या नावानं करावी असं आमच्या मनात आहे. हे अनुदानासाठी म्हणून नाही. अनुदानामुळे विषय निघाला एवढंच. तुझे काका काहीतरी म्हणतील. म्हणू दे. मला काठीनं चालता येऊ लागलं की आपण तलाठ्याकडे जाऊ.

येताना नागपूरला उतरणार असशील तर पार्ट्सच्या दुकानातून एअर फिल्टरची दोन्ही एलिमेंटं, एक फॅनबेल्ट आणि शाफ्टचा एक क्रॉस घेऊन ये. नंबर जुन्या पार्टांवर आहेत, मी फोटो पाठवतो. मागच्या वेळी एका दुकानदारानं हुबेहूब खोक्यात नकली माल दिला होता, तेव्हा पक्कं बिल घे आणि खोकं तिथेच उघडून बघ. ग्रीसचा डबा इथे वरूडला मिळतो, त्याचं ओझं आणू नको.

तुझा,
बाबा