एकोणचाळीसनंतर पन्नास

शहापूर, बेळगाव
दि. १८ मे

प्रिय बाळू यास,
सप्रेम नमस्कार वि. वि.

गणपतीनंतर तुला पत्र लिहिले नाही आणि तुझे दोन फोनही उचलले नाहीत, याची लाज वाटते. आईचा गुडघा आहे तसाच आहे, बाकी क्षेम. लिहिण्याचे कारण असे, की जळाली म्हणून मी नव्याने तार गुंडाळून भरलेली मोटर आठ दिवसांत पुन्हा जळाली, आणि आपल्याला हे काम शिकवणाऱ्या उस्तादांचा मार खाल्लेल्या माणसाखेरीज हे कोणाला सांगावे ते कळेना.

कडोलीच्या एका शेतकऱ्याची पाच एचपीची मोटर होती, तारेच्या प्रत्येक गुंडाळीला, म्हणजे कॉइलला, ६२ वेढे. एकोणचाळीसवर असताना फोन वाजला. बोलणे संपवून मी एकोणपन्नास झाले असे धरून पन्नासपासून पुढे मोजले आणि त्या कॉइलमधले दहा वेढे गेले. वेढे आपोआप मोजणारे काउंटरचे मशीन असते तर हे घडले नसते, पण ते दुकानाच्या वाटणीत तू हट्टाने घेतलेस आणि चाकणला जाताना सहाशे रुपयांना विकलेस, हे मी तुला मरेपर्यंत ऐकवणार आहे. अर्थात मोटर भार न देता रिकामी चालवून तिन्ही फेजचा करंट सारखा आहे का ते पाहिले असते, तरी चूक टेबलावरच सापडली असती. बाहेर दोन टेम्पो उभे होते म्हणून पाहिले नाही. मोटर फुकट भरून दिली, पण तोवर त्याचा कोबी करपला होता. तो एक शब्दही बोलला नाही, तेच जास्त लागले.

तेव्हापासून एकच घोळत आहे, की माणूस ठेवावा का. फेब्रुवारी ते मे दर महिन्याला तीसेक मोटरी येतात आणि मिरगाचा पाऊस लागला की दहा. तांबे, कागद आणि वार्निश वजा जाता एका मोटरमागे दोन हजार उरतात, म्हणजे पावसाळ्यातल्या दहांपैकी सात-आठ मोटरी त्याच्या पगारातच जाणार. कराचे काम पाहणारे म्हणाले, की पीएफला वीस माणसे लागतात आणि ईएसआयला, म्हणजे कामगार विम्याला, दहा, तेव्हा त्याची चिंता नको. किमान वेतन आणि आठवड्याची सुट्टी मात्र एकाच माणसालाही द्यावी लागेल. मला ती सुट्टी आजवर कोणी दिली नाही, असे मी म्हणालो, तर ते हसले नाहीत.

आधी मी तयार कारागीरच शोधत होतो. पण कारागीर दोन वर्षांत समोर दुकान टाकतो. आपण दोघांनी उस्तादांना तेच केले. मग आठवडाभर कोणत्या कामाला किती वेळ जातो ते कॅलेंडरवर लिहिले, तेव्हा दिसले की खरे भरण्याचे काम दिवसातून तीन तासच होते. बाकीचा दिवस जळालेली कॉइल काढण्यात, ती बसते त्या खाचा, म्हणजे स्लॉट, साफ करण्यात, उचल-ठेव करण्यात आणि फोनवर जातो. तेवढे काम दुसऱ्याला देता येईल असे वाटले, पण तिथेच अडले. जळालेल्या कॉइलमध्येच वेढे, तारेचा गेज (जाडी) आणि पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधले स्लॉटचे अंतर) यांची नोंद असते. पोराने न मोजता ती कापून भंगारात टाकली, तर मी मोटरीच्या रिकाम्या सांगाड्याकडे, स्टेटरकडे, पाहत बसणार. म्हणून दोनशे पानी वही आणून एकेका मोटरीची माहिती लिहितो आहे. लिहिताना आढळले, की एकाच कंपनीची एकाच मापाची मोटर मी दोन वेगवेगळ्या हिशेबांनी भरत आलो आहे. डोक्यात सगळे आहे, असे आजवर मी सर्वांना सांगत होतो.

बैलहोंगलकडचा एक मुलगा येऊन गेला, आयटीआय झालेला. मी त्याला जुनी कॉइल मोजायला दिली आणि मध्येच मुद्दाम गाव विचारले. त्याने हात वर करून मला गप्प केले, ‘अरवत्तेरडु’पर्यंत, म्हणजे बासष्टपर्यंत, पोहोचला आणि मग म्हणाला, ‘हेळ्री’, म्हणजे ‘सांगा’. नंतर माझ्या लक्षात आले, की कन्नडात एकोणचाळीसला ‘मूवत्तोंबत्तु’ म्हणतात, म्हणजे तीस आणि नऊ. हे ‘एकोण’चे लचांड त्यांना नाहीच.

एक जूनपासून ये, असे त्याला सांगितले आहे. हंगाम संपताना माणूस घेणे हिशेबाने चूक आहे, हे मला कळते. पण हंगामात त्याला शिकवणार कधी? त्याला तुझे स्टूल द्यावे लागेल. सध्या त्यावर वार्निशचे डबे आहेत.

मुलीच्या दहावीचे आणि तुझ्या नव्या शिफ्टचे कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता

ता. क. तिकडे काउंटरचे जुने मशीन मिळाले तर पाहा. सहाशेच्या वर एक रुपया देणार नाही.