मतलबहून मावशीस पत्र

मतलब, जि. चांदपूर, बांगलादेश

ती. स्व. मावशीस,
शि. सा. नमस्कार.

तुझे पत्र पोचले. बहुतेक बाळंतपणे आता दवाखान्यात होत असताना घरोघर फिरून जन्म-मृत्यू लिहिण्याचा खटाटोप तुम्ही लोक अजून कशासाठी करता, असे तू विचारले आहेस. जव्हारच्या उपकेंद्रात नोकरीची सारी वर्षे काढलेल्या परिचारिकेने हे विचारावे याचे मला थोडे हसू आले. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मतलब हा ढाक्याच्या आग्नेयेला असलेला, नद्या आणि खाड्यांनी चिरलेला सखल मुलूख आहे. 1963 साली येथे पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, संशोधनासाठी केंद्र उघडले. लस किती गुण देते हे पाहायचे तर गावात माणसे किती, कोण जन्मले आणि कोण गेले हे आधी ठाऊक हवे, म्हणून 1966 पासून घरोघर नोंदी सुरू झाल्या आणि त्या आजतागायत चालू आहेत. सध्या दोन लाखांहून अधिक लोक या नोंदींत आहेत. कार्यकर्त्या बायका दर दोन महिन्यांनी ठरलेल्या घरी जातात, पण बाळ झाले का किंवा कोणी गेले का, एवढेच विचारून त्या परतत नाहीत. लग्न झालेल्या प्रत्येक बाईला शेवटची पाळी केव्हा आली हेही त्या विचारतात. सगळ्या कामाची मेख तेथेच आहे. दिवस गेल्याची नोंद आधी झाली असेल तर पुढच्या फेरीत त्या गरोदरपणाचे काय झाले हे विचारावेच लागते आणि उत्तर मिळेपर्यंत ती ओळ उघडी राहते. तशी नोंद नसेल, तर जन्मून काही तासांत गेलेले मूल कोणत्याही कागदावर येत नाही. घरचे लोक आपण होऊन ते सांगत नाहीत, आणि त्यांनी ते का सांगावे?

दवाखान्याचे म्हणशील, तर येथील 2022 च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे 65 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली, म्हणजे तीनातले एक अजूनही घरीच होते. शिवाय दवाखान्याच्या रजिस्टरात फक्त दारापर्यंत पोचलेली बाई येते. वाटेत होडीत दगावलेली, किंवा घरी परतल्यावर दहाव्या दिवशी तापाने गेलेली बाई त्यात सापडत नाही. गर्भपातानंतर मरण आले असेल, तर कुटुंब पोटदुखी सांगून मोकळे होते. झटके येऊन बाई गेली तर कित्येक घरी ‘आलगा बाताश’ लागला, म्हणजे आपल्याकडच्यासारखी बाहेरची बाधा झाली, असे सांगतात. म्हणून बाळंतपणाच्या वयातली कोणतीही बाई गेली की ती गरोदर होती का, किंवा बाळंत होऊन वा गर्भ पडून 42 दिवसांच्या आत ती गेली का, हे वेगळे विचारले जाते. मग प्रशिक्षित माणूस घरी बसून शेवटच्या आजाराची हकीकत लिहून घेतो आणि तीवरून डॉक्टर मृत्यूचे कारण ठरवतात.

सर्वांत नाजूक जागा मृतजन्माची. मूल पोटातच गेले की जन्मून एकदाच श्वास घेऊन गेले, हे आजीला विचारले तर ती ‘मेलेलेच झाले’ म्हणते, कारण तिच्या लेखी त्यात फरक नाही. आपल्या लेखी मात्र आहे, कारण दुसऱ्या प्रकारातले मूल जिवंत जन्म आणि नवजात मृत्यू या दोन्ही रकान्यांत जाते, आणि पहिल्या प्रकारातले एकाही रकान्यात जात नाही. म्हणून मूल रडले का, हातपाय हलवले का, छाती हलली का, असे तुकड्यातुकड्याने विचारावे लागते. हे प्रश्न बाळंतपणाला चाळीस दिवसही न झालेल्या आईसमोर बसून विचारणे किती कठीण असते, हे तुला मी सांगायला नको.

आकड्यांचा उपयोग पाहा. बांगलादेशात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू 2001 साली 322 होते, 2010 मध्ये 194 झाले, तेव्हा सर्वत्र समाधान होते. 2016 मध्ये तो आकडा 196 निघाला. 196 म्हणजे सुमारे पाचशे जन्मांमागे एक मृत्यू. इतकी विरळ घटना मोजायची म्हणून त्या पाहणीत जवळजवळ तीन लाख घरे घ्यावी लागली. मतलबची गोष्ट तर याहून बोलकी आहे. 1987 मध्ये येथील काही गावांत प्रशिक्षित सुईणी नेमल्या आणि तीन वर्षांत तेथील प्रसूतीशी निगडित मातामृत्यू निम्म्याहूनही खाली आले. श्रेय सुईणींना मिळाले. पण सुईणी नसलेल्या गावांतही नोंदी तितक्याच काटेकोर होत्या, आणि 1976 ते 1993 च्या नोंदी एकत्र तपासल्यावर 1997 मध्ये दिसले की सुईणी नसलेल्या एका भागातही मृत्यू तसेच घटले होते. माझ्या मते सुईणी निरुपयोगी होत्या असा याचा अर्थ नाही. श्रेय मात्र वाटून द्यावे लागले. आपल्या सरकारी योजनांत तुलनेसाठी अशी दुसरी गावे सहसा नसतात, म्हणून सगळ्याच योजना यशस्वी ठरतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तेव्हा त्यांनी 47 गावे तुलनेसाठी ठेवली होती, आणि म्हणूनच नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचे जगाने मानले. आशाताई आज बाळंतिणीच्या घरी 42 व्या दिवसापर्यंत ज्या फेऱ्या घालतात, त्या तेथूनच आल्या.

एक गोष्ट मात्र मला तुझ्याकडून हवी आहे. येथील पुष्कळ मुली ढाक्याच्या कपड्यांच्या कारखान्यांत जातात आणि दिवस गेल्यावर त्यांचा माग ठेवणे अवघड होते. जव्हारची कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघून जात, तेव्हा तू त्यांतल्या गरोदर बायांची नावे कशी धरून ठेवीत होतीस, कोणाकडून निरोप मिळत, परत आल्यावर कोणाला आधी विचारीत होतीस, हे सवडीने लिहून कळव. काकांना नमस्कार.

तुझी भाची