मंत्री महोदय, वायरलेसच्या लाइनचं क्लॉक कुठून येतं, ते कागदावर असू द्या

माननीय मंत्री महोदय,
मदत व पुनर्वसन विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी टेलिकॉमच्या साइटवर बावीस वर्षं काम करणारा तंत्रज्ञ आहे. जिल्ह्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रार वायरलेसच्या जोडण्यांची आहे, एका कार्यालयाची नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी रात्री अकराला मला एका कंट्रोल रूममधून फोन आला. डोंगरावरचा रिपीटर, म्हणजे वायरलेसचा आवाज पकडून पुढे पाठवणारं यंत्र, ई-वन या डिजिटल टेलिफोन लाइनने कंट्रोल रूमला जोडलेला. लाइन जिथे लागते त्या कार्डावरचा दिवा हिरवा, म्हणजे लाइन चालू. तरी आवाज तुटत होता. मी पोचलो तेव्हा पलीकडून निरोप येत होता, "पुलावरून गाड्या सोडू..." आणि पुढचा शब्द गेला. ऑपरेटर ताई ओरडून विचारत होत्या, "सोडू की नको?" तीनदा विचारल्यावर "नका" ऐकू आलं.

बिघाड सापडायला पहाटेचे तीन वाजले आणि दुरुस्तीला एक मिनिटही लागलं नाही. दोन्ही टोकांची यंत्रं स्वतःच्या क्लॉकवर, म्हणजे वेळेचा ठेका देणाऱ्या आपापल्या आतल्या घड्याळावर, चालत होती.

ई-वन लाइनमध्ये वेळेचे 32 खण असतात. शून्य क्रमांकाचा दोन्ही टोकांचा मेळ राखतो, सोळावा कॉल जोडण्या-तोडण्याचे संदेश नेतो, उरलेले 30 बोलण्यासाठी. सेकंदाला 8000 वेळा हे खण भरून जातात; 32 खणांच्या अशा एका खेपेला फ्रेम म्हणतात. म्हणून एका टोकाने क्लॉक द्यायचं आणि दुसऱ्याने लाइनवरून तेच घ्यायचं. दोघं आपापल्या क्लॉकवर राहिले आणि दोन्हींत दहा लाखांत 50 इतका फरक असला, तर दर अडीच सेकंदांनी एक फ्रेम गळते. साध्या फोनवर ती बारीक 'टिक' वाटते, अनेकदा कानाला कळतही नाही. डिजिटल रेडिओचा आवाज मात्र पाकिटांत बांधून जातो, फ्रेम गळली की पाकीट बाद होतं आणि त्याबरोबर शब्दही. मी मेन्यूत 'इंटर्नल' होतं तिथे 'लाइन' केलं, आणि आवाज लागला.

हे आधीच का झालं नाही? रेडिओ एका ठेकेदाराने बसवला, लाइन दुसऱ्याने दिली. दोघांनीही आपापलं टोक तपासून सह्या घेतल्या. मधला मेळ कोणाच्याच कामात नव्हता.

परदेशी कार्डांचं आणखी एक दुखणं आहे. काही कार्डं अमेरिकन पद्धतीवर लावून येतात, म्हणजे 24 खण आणि म्यू-लॉ. आपल्याकडे 32 खण आणि ए-लॉ. हे 'लॉ' म्हणजे आवाज आकड्यांत बदलायच्या दोन वेगळ्या पद्धती. खणांची चूक लगेच कळते, लाइन उठतच नाही. लॉची चूक राहून जाते, कारण आवाज येतो, पण घसा बसल्यासारखा खरखरीत. सीआरसी-फोर, म्हणजे लाइनवरच्या चुका पकडणारी तपासणी, एका टोकाला चालू आणि दुसऱ्याला बंद असलं तरी असेच घोळ होतात. आणि वीज पडून कार्ड बदललं की नवं कार्ड कारखान्यातल्या सेटिंगवर येतं. जुनी सेटिंग लिहिलेली नसेल, तर बदलणारा माणूस अंदाजाने बटणं दाबतो.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईत फोन आणि मोबाइल कोलमडले होते. अशा वेळी हाताशी वायरलेसच उरतो.

म्हणून मागणी एवढीच. प्रत्येक जोडणीचा सेटिंग-कागद दोन्ही ठेकेदारांच्या सहीने घ्यावा. त्यात क्लॉक कोण देणार हे पहिल्या ओळीत असावं. लाइनची 24 तासांची बिट एरर चाचणी, म्हणजे पाठवलेली माहिती पलीकडे किती चुकते याची मोजणी, झाल्याशिवाय शेवटचं बिल निघू नये. कार्ड बदललं की त्याच कागदावरून पुन्हा तपासणी व्हावी. यासाठी नवा निधी लागत नाही, निविदेत चार ओळी वाढवाव्या लागतात.

त्या रात्री मी तो कागद हाताने लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवला. बाकी जिल्ह्यांच्या रॅकवर तसा कागद आहे का, हे जूनच्या आत बघायला सांगावं, ही विनंती.

आपला,
एक टेलिकॉम तंत्रज्ञ