पिंजरे मोजू नका, खाद्याची पोती मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धरणांच्या जलाशयांत पिंजरा पद्धतीने, म्हणजे पाण्यात सोडलेल्या जाळीच्या पिंजऱ्यांत खाद्य घालून, मासेपालन वाढवण्याविषयीची बातमी वाचली. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतून त्यासाठी २०२० पासून अनुदान मिळते. धरणात जमिनी गेलेल्यांच्या हाताला त्यातून काम मिळणार असेल, तर विरोधाचे कारण नाही. पण बातमीत पिंजरे किती आणि मासळी किती टन एवढेच आहे. पाण्यात खाद्य किती पडणार, याचा उल्लेख नाही. आणि पाण्याचे बरेवाईट ठरते ते त्यावरच.

हिशेब सोपा आहे. १ टन तिलापिया (आपली चिलापी) वाढवायला साधारण दीड टन खाद्य लागते. त्यात १ टक्का स्फुरद (फॉस्फरस) धरला तर १५ किलो. त्यातला निम्मा माशाच्या अंगी लागतो, उरलेला सात-आठ किलो विष्ठेतून आणि न खाल्लेल्या दाण्यांतून जलाशयातच राहतो. शेतात स्फुरद टाकला की पीक जोमाने येते, तळ्यात पडला की शेवाळ. ते मरून तळाशी बसते आणि कुजताना तिथला प्राणवायू संपवते.

उष्ण प्रदेशात हे दुखणे लवकर बळावते. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. त्यातून वरचे ऊन पाणी आणि खालचे थंड पाणी एकमेकांत मिसळत नाही. खाली अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड हे विषारी वायू साचत जातात. मग वाऱ्यापावसाचे, ढगाळ असे दोन दिवस आले की वरचे पाणी निवते, जड होऊन खाली बसते आणि तळाचे वर येते. मोकळा मासा पळ काढतो. पिंजऱ्यातला जाणार कुठे? इंडोनेशियातील मनिंजाऊ सरोवरात असे वरचेवर घडते. फिलिपिन्सच्या ताल सरोवरात २०११ च्या मेअखेरीस शेकडो टन मासळी मेली. ताल ज्वालामुखीचे सरोवर असल्याने गंधकाच्या माथी दोष मारता येतो, पण पिंजऱ्यांची दाटी काही ज्वालामुखीने केली नव्हती. याच सरोवरात ताविलिस नावाचा मासा मिळतो, आपल्या तारलीच्या कुळातला, पण गोड्या पाण्यात राहणारा. त्याची नोंद २०१९ पासून संकटग्रस्त प्रजातींत आहे.

लक्षात घेण्याजोगे हे, की तिथे कायदा होता. १९९८ च्या मत्स्य कायद्यानुसार सरोवराच्या योग्य क्षेत्रापैकी १० टक्क्यांहून अधिक जागा मत्स्यशेतीला देता येत नव्हती. अंमलबजावणी ढिली होती हे खरेच, पण मुळात क्षेत्रफळ मोजून पाण्यावरचा भार कळत नाही. एकाच मापाच्या दोन पिंजऱ्यांत मासे किती दाट भरले, यावर खाद्य दुपटीने कमीजास्त होते.

आपल्याकडे तर पाणीच जागेवर राहत नाही. भीमेवरचे उजनी धरण भरले की ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, उरलेला उपयुक्त साठा. उन्हाळ्यात धरण ‘वजा’त जाते, म्हणजे मृतसाठ्यालाही हात लागतो, हे सोलापूरकरांना सांगायला नको, २०२४ मध्ये ते उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेले होते, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यातून गेले होते. उरले ते भरल्या धरणाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी पाणी. पावसाळ्यानंतरची पातळी पाहून मंजूर केलेले पिंजरे अशा पाण्यात काय करतील? शिवाय पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेतून येतेच आहे, आणि हेच पाणी शुद्ध करून सोलापूर पिते.

म्हणून कोणत्याही जलाशयात परवाना देताना मे महिन्यातल्या किमान साठ्यावर वर्षाच्या खाद्याची मर्यादा ठरवावी आणि पोत्यांची नोंदवही तपासावी. पहाटेच्या वेळी वरच्या व तळाच्या पाण्यातला प्राणवायू मोजून आकडे गावच्या चावडीवर लावावेत. मत्स्यव्यवसाय आणि जलसंपदा या दोन्ही खात्यांनी हे एकमेकांवर ढकलू नये. जिथे शेवाळ आधीच दाटते, तिथे पिंजऱ्यांऐवजी कटला-रोहूच्या बीजाला अनुदान द्यावे. हे मासे बाहेरच्या खाद्याविना पाण्यात आहे त्यावरच वाढतात, आणि जाळ्यात येताना थोडा स्फुरद बाहेर घेऊन येतात.

– एक वाचक, सोलापूर