पब्लिशरच्या फायलींची कुलपे उघडणाऱ्यांस

मायक्रोसॉफ्ट पब्लिशरच्या फायली वाचणारे ‘लिबएमएसपब’ हे कोड लिहिणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रोग्रामर मंडळींस,

स.न.वि.वि.

ऑक्टोबर २०२६ नंतर पब्लिशर हा पानांची मांडणी करण्याचा प्रोग्राम बंद करणार, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी भरत राहिलात तरी .पब फाइल पब्लिशरमध्ये उघडणार नाही. पुस्तिका, पत्रके, प्रमाणपत्रे, अहवाल वर्षानुवर्षे त्यात लावणाऱ्यांची ही पंचाईत आहे: फाइल आपल्याच डिस्कवर, आणि ती वाचणारा प्रोग्रामच नाही. यावरचा तोडगा तुम्ही २०१२ मध्येच लिहायला घेतलात. तेव्हा कोणालाही घाई नव्हती. आज ती आहे, म्हणून हे जाहीर आभार.

काम किती चिकाटीचे होते याची आम्हाला जाणीव आहे. वर्ड आणि एक्सेलच्या जुन्या फायलींचा आराखडा कंपनीने २००८ मध्ये सर्वांसाठी खुला केला. पब्लिशरचा केला नाही. त्यामुळे एक चौकट काढायची, फाइल सेव्ह करायची, चौकट किंचित सरकवून दुसऱ्या नावाने पुन्हा सेव्ह करायची आणि दोन फायलींत कोणते बाइट बदलले ते शोधायचे, हाच मार्ग होता. अशा असंख्य फेऱ्यांतून कळले की .पब ही कप्पे असलेली पेटी आहे. ‘क्विल’च्या कप्प्यात मजकूर, ‘एशर’मध्ये आकृत्या, त्याच्याच ‘डिले’ कप्प्यात चित्रे, आणि कोणत्या पानावर काय याचा हिशेब ‘कंटेंट्स’मध्ये. मापे कशात, तर इंचाच्या ९,१४,४०० व्या भागात! शिवाय ९७, २००० आणि २००२ नंतरच्या आवृत्त्यांच्या फायली सारख्या नसतात, म्हणून त्यांना वाचणारे कोडही तुम्ही निरनिराळे लिहिलेत.

आणखी एका निर्णयाबद्दल आम्ही विशेष ऋणी आहोत. हे सगळे एका प्रोग्रामच्या पोटात न दडवता तुम्ही स्वतंत्र लायब्ररी, म्हणजे कोणत्याही प्रोग्रामला वापरता येईल असा कोडचा संच, केलीत. २०१३ मध्ये ती लिबरऑफिस ४.० या मोफत ऑफिस-संचातून लोकांच्या हाती आली, पुढे पानांची मांडणी करणाऱ्या स्क्रायबस या प्रोग्रामनेही घेतली. उद्या यांतला एखादा प्रोग्राम मागे पडला तरी .पब वाचण्याची विद्या त्याच्याबरोबर जाणार नाही. कोरलड्रॉ, व्हिजिओ, पेजमेकर यांच्या फायलींसाठीही अशाच लायब्रऱ्या आहेत, त्याही याच विचाराने; २०१४ पासून डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्टचे छत्र त्यांच्यावर आहे.

तुमच्या कामाचा पुरता उपयोग व्हावा म्हणून, ज्यांच्याकडे पब्लिशर अजून चालतो त्यांच्यासाठी कामाचा क्रम इथेच लिहितो. फायली आधी खरोखर डिस्कवर आणा. वनड्राइव्हमध्ये नावापुढे ढगाचे चिन्ह असेल तर मशीनवर नुसते नाव आहे, आतला मजकूर नाही. मग प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा. ही पीडीएफ साक्षीदार आहे: पुढे रूपांतर बरोबर झाले की नाही, ते तिच्याशी ताडूनच कळते. पीडीएफच्या ‘ऑप्शन्स’मध्ये, जो फाँट एम्बेड होऊ शकत नाही, म्हणजे पीडीएफच्या आत साठवता येत नाही, त्यातल्या मजकुराचे बिटमॅप करण्याची खूण असते. ती लागलेली असेल तर तेवढा मजकूर चित्र होऊन बसतो, त्यात शोध चालत नाही आणि तो कॉपीही होत नाही. त्यानंतर ‘व्ह्यू’मधला ‘ग्राफिक्स मॅनेजर’ उघडा. जे चित्र तिथे ‘लिंक्ड’ दिसते त्याची मूळ प्रत .पबच्या आत नसते, त्यामुळे मूळ चित्रफाइल शोधून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. मेल मर्जची (एकच पत्र अनेक नावांनी काढण्याची) नावांची यादीही आत नसते, फक्त तिचा पत्ता असतो. ती वेगळी जपा. वापरलेल्या फाँटची नावे लिहून ठेवायला पाच मिनिटे लागतात आणि पुढे कित्येक तास वाचतात.

आता रूपांतर. .पब लिबरऑफिसच्या ड्रॉ या चित्रे-आकृत्यांच्या प्रोग्राममध्ये उघडा आणि .ओडीजी, म्हणजे ड्रॉची स्वतःची फाइल, म्हणून सेव्ह करा. फायली शेकड्यांनी असतील तर कमांड लाइनवर ‘हेडलेस’ (खिडकी न उघडता) आणि ‘कन्व्हर्ट-टू’ (रूपांतर करा) हे पर्याय वापरून अख्खा फोल्डर एकदम होतो. मात्र लिबरऑफिसची खिडकी आधीच उघडी असेल तर ही कमांड काही न करता, चूकही न दाखवता परत येऊ शकते. आधी खिडकी बंद करा, आणि काम संपल्यावर .पब आणि .ओडीजी यांची संख्या जुळते का ते मोजा.

बिघडते ते बहुतेक वेळा फाँटमुळे. मूळ फाँट मशीनवर नसला की पर्यायी फाँट येतो, त्याच्या अक्षरांची रुंदी वेगळी असते, ओळी वेगळ्या ठिकाणी मोडतात आणि चौकटीतला शेवटचा परिच्छेद बाहेर सांडतो. लोक हा रूपांतराचा दोष समजतात, पण फाँट बसवून फाइल पुन्हा उघडली की पुष्कळदा सगळे जागेवर येते. युनिकोडपूर्व देवनागरी फाँटच्या बाबतीत तर फाँटशिवाय नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. मजकूर शाबूत असतो, त्याचे रूप फाँटमध्ये असते. एकमेकींना जोडलेल्या चौकटी, वर्डआर्ट आणि तक्ते मात्र पीडीएफ शेजारी ठेवून नजरेनेच तपासावे लागतात. पीडीएफ वर्डमध्ये उघडून काम भागवण्याचा मार्गही आहे. तो मजकूरप्रधान कागदपत्रांना ठीक, चित्रांनी भरलेल्या पानाची मांडणी त्यात मोडते.

फाइल कशातच उघडली नाही तरी हात टेकू नयेत. मूळ फाइलची प्रत करून ती ७-झिपमध्ये ‘ओपन आर्काइव्ह’ने उघडली की वर सांगितलेले कप्पे एकेक दिसतात. ‘डिले’ कप्प्यात जेपीईजी आणि पीएनजी चित्रे जशीच्या तशी पडून असतात, म्हणून हरवलेल्या फायली शोधणारी साधने ती वेगळी काढू शकतात. हे कप्पे कशाचे, ते आज सांगता येते ते तुमच्यामुळेच.

एवढे करूनही .पबची मूळ फाइल पुसू नये. तुमच्या लायब्ररीची पुढची आवृत्ती तीच फाइल अधिक नीट वाचण्याची शक्यता असते, आणि .ओडीजीत जे उतरलेच नाही ते नंतर फक्त मूळ फाइलमधूनच मिळेल.

तुमच्या उपकाराची थोडीफार परतफेड आम्हाला करता येईल ती चांगल्या तक्रारींनी. जी फाइल चुकीची उघडेल ती एका पानावर आणून, खाजगी नावे-पत्ते काढून, त्याच पानाची पब्लिशरमधून काढलेली पीडीएफ आणि पब्लिशरची आवृत्ती यांसह लिबरऑफिस सांभाळणाऱ्या डॉक्युमेंट फाउंडेशनच्या बगझिलावर, म्हणजे चुका नोंदवण्याच्या संकेतस्थळावर, नोंदवू. पब्लिशर चालतो आहे तोवरच अशा जोड्या तयार करता येतील, म्हणून हे काम आम्ही आत्ताच हाती घेतले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले ऋणी,
पानांची मांडणी करणारे आम्ही सर्व